साळूआत्याची ठिसूळ हाडं

एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही, हीच सगळी पंचाईत. साळूआत्यानं त्याला लहानाचा मोठा केलेला. तिच्यावर त्याचा भारी जीव.

एकदा वैद्यबुवांनी आत्याला तपासलं. म्हणाले, "हैबती, हिची हाडं ठिसूळ झालीत. पडली तर मोडतील. रोज कांडवेल खायला दे."

हैबतीनं कुंपणावरची वेल तोडली आणि तशीच दिली. आत्याच्या घशाला अशी खाज सुटली की ती दिवसभर खाकरत बसली.

वैद्यबुवा चिडले. "अरे, कच्ची देतात का? आधी तुपात तळायचं, मग द्यायचं!"

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

पुढच्या खेपेला वैद्यबुवा म्हणाले, "आता हिला सकाळचं कोवळं ऊन खाऊ दे."

हैबतीनं अंगणात चूल पेटवली, कढईत पावशेर तूप ओतलं आणि त्यात पडलेलं ऊन उलथन्यानं चांगलं परतलं. मग कढई आत नेऊन आत्यापुढे ठेवली.

"ह्ये काय रं?"

"ऊन हाय. कोवळंच हाय, करपू दिलं न्हाई."

वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. "ऊन तळतात का, गाढवा? आत्याला अंगणात उघड्यावर ठेवायचं, तासाभरानं आत आणायचं!"

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

मग वैद्यबुवांनी अश्वगंधा घातलेलं दूध सांगितलं. हैबतीनं दुधाचं पातेलं अंगणात उघड्यावर ठेवलं. तासाभरानं बघतो तर पातेलं लख्ख, आणि शेजारी मांजर मिशा चाटतंय.

वैद्यबुवा ओरडले, "अरे, जपायची वस्तू शिंक्यात उंच टांगावी! वर घट्ट झाकण घालावं!"

या वेळी हैबतीनं विसरू नये म्हणून उपरण्याला गाठच मारली.

एके दिवशी वैद्यबुवा सकाळीच शेजारच्या गावाला निघाले. जाताना म्हणाले, "औषध चालू ठेव. पण हैबती, आत्याला जप. काही झालं तरी पडू देऊ नकोस."

हैबतीचे डोळे भरून आले. "जिवापाड जपतो, वैद्यबुवा."

दुपारी परतताना वैद्यबुवा डोकावले. घरात आत्या दिसेना.

"आत्या कुठं आहे रे?"

हैबतीनं ऐटीत वर बोट दाखवलं. आढ्याला बैलांच्या कासऱ्यांचं भलंमोठं शिंकं लोंबत होतं. त्यात बांबूची मोठी पाटी, आणि पाटीवर कोंबड्या झाकायचा डालगा घट्ट बांधलेला.

"न्हाई पडायची भीती, न्हाई मांजराची."

डालग्यातून आवाज आला, "मेल्या, टांगायचंच हुतं तर अंगणात तरी टांगायचंस! मला ऊन खायला सांगितलंय न्हवं!"