बारावी काडी

एका राज्यात एक छत्र होतं. राज्य डोंगरापासून समुद्रापर्यंत पसरलेलं, पण छत्र राज्याहून मोठं. मिटलं की राजाच्या मुठीत मावे, उघडलं की आभाळाखाली दुसरं आभाळ होई. त्याला बारा काड्या होत्या, बारा परगण्यांच्या बारा. घराघरातून एकेक धागा मागून त्याचं कापड विणलेलं होतं. गारा येवोत, वादळ येवो, राजवाड्यात शंख वाजे, राजा छत्र उघडे, आणि जे काही कोसळायचं ते छत्रावरून घरंगळत समुद्रात जाऊन पडे.

शंख ऐकला की जो तो आपापल्या अंगणात येई आणि उजवा हात वर करून उभा राही. छत्राची सावली तळव्यावर पडली की समजायचं, आपण राजाचे. या रीतीला छत्रजोहार म्हणत. पोर उभं राहायला लागलं की बोलण्याआधी हे शिके.

बारावा परगणा म्हणजे खोलदरी, राज्याच्या अगदी टोकाला. तिथे हौसा नावाची बाई राही. तिच्या चार शेळ्या होत्या आणि एक मुलगी होती, बकुळ. बकुळचे दुधाचे दात अजून पडायचे होते.

एके वर्षी आभाळांमागून आभाळं फुटली. शंख वाजला. हौसाने बकुळला अंगणात उभं केलं, तिचा हात धरून वर केला आणि म्हणाली, "अशीच उभी राहा. छत्र आलंच. मी शेळ्या सोडवून येते." शेळ्या वर माळावर बांधलेल्या होत्या. हौसा धावत माळावर चढली आणि तिने मागे वळून पाहिलं.

छत्र उघडत होतं. शिखरपूरच्या राजधानीवरची काडी ताठ झाली, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. आभाळभर कापड सळसळत पुढे आलं. अकरा काड्या उघडल्या आणि छत्र थांबलं. बारावी काडी दुमडलेली तशीच लोंबत राहिली. अकरा परगण्यांवर पडलेलं पाणी त्या दुमडीत जमलं आणि तिथून सरळ खोलदरीत कोसळलं.

दरीतल्या माणसांना पळता आलं असतं. माळ जवळ होता, वेळही होता. पण शंख वाजला होता ना! माणसं हात वर करून अंगणात उभी राहिली. शंख वाजलाच नसता तर दरी वाचली असती, आणि हीच गोष्ट माळावर उरलेल्या मूठभर लोकांच्या काळजात कायमची रुतून बसली.

पुढे राजाने हत्तीवरून एक सरदार पाठवला. सरदाराने खिंडीतून दरी पाहिली, हत्तीला ऊस खाऊ घातला आणि परत जाऊन दरबारात सांगितलं, "पाणी आहे." दरबार म्हणाला, "वाईट झालं." त्याच संध्याकाळी शिखरपुरात हत्तीवरून साखर वाटली, एवढं मोठं संकट टळलं म्हणून.

पण दोन नवलं घडली. दरीतलं पाणी ओसरलं नाही, आटलं नाही, गढूळही झालं नाही. स्वच्छ पाण्याखाली घरं दिसत, चुलीवरची भांडी दिसत, आणि अंगणाअंगणात हात वर करून उभी असलेली माणसं दिसत. ती मेली नव्हती. ती वाट पाहत होती.

दुसरं नवल शिखरपुरात. छत्र मिटेना. त्याचा दांडा राजवाड्याच्या चौकात दगडात रुतून बसला. बारा महिने तेरा काळ अकरा परगण्यांवर सावली, राजधानीवर सगळ्यात दाट. आंबे पिकेनात, कपडे वाळेनात, पोरं पांढरीफटक दिसू लागली. राजा उदयवर्म्याने हत्ती लावले, मल्ल लावले. शेवटी दवंडी पिटवली, जो छत्र मिटवील त्याला अर्धं राज्य.

दवंडी माळावर पोचली तेव्हा लोक हसले. पण ते हसणं ऐकून दवंडीवाला ढोल तिथेच टाकून पळाला. वर्षं गेली, पण तो राग काही शिळा झाला नव्हता. हौसा तेवढी हसली नाही. ती रोजच्यासारखी पाण्याकाठी बसून खाली पाहत होती. तिचे केस पांढरे झाले होते. बकुळ तेवढीच होती.

एक पाणकावळा बुडी मारून वर आला आणि खडकावर पंख पसरून बसला. म्हणाला, "हौसाबाई, तुमची मुलगी बोलते आहे."

"काय बोलते?"

"विचारते, आई, आलं का छत्र?"

हौसा उठली. तिने शेळ्या शेजारणीकडे सोपवल्या आणि ती उत्तरेच्या पर्वतावर निघाली. तिथे आभाळनाथ नावाचा जादूगार राही. छत्र त्यानेच विणलं होतं. ती पोचली तेव्हा तो गुहेच्या तोंडाशी बसून ढग पिंजत होता.

"छत्र मिटवायला आलीस?" त्याने वर न पाहता विचारलं.

"नाही. मुलीला न्यायला आले."

तेव्हा आभाळनाथाने हातातला ढग खाली ठेवला. "आजवर आले ते सगळे मिटवायला निघालेले. अगं, अर्धवट उघडलेलं छत्र मिटत नसतं. ते आधी पुरतं उघडावं लागतं. तीन कामं आहेत. तुझ्या मुलीच्या पायाखालची माती आण, पण मुलीला हात लावायचा नाही, तिच्याशी बोलायचं नाही. छत्राखाली सुखात राहिलेल्या कोणाकडून त्याच्या वाट्याची सावली माग, त्याने ती आपणहून द्यायला हवी. आणि राजाला पायी खोलदरीपर्यंत आण."

"आणि माझा राग? तो इथे ठेवून जाऊ?"

"बरोबर ने," आभाळनाथ म्हणाला. "वाट लांबची आहे. नुसत्या पायांनी सरायची नाही."

हौसा माघारी पाण्याकाठी आली. पाणकावळ्याने आपलं एक पीस उपटून तिला दिलं. "हे दातांत धरा. धरलंत तोवर पाणी तुम्हाला वाट देईल. तोंड उघडलंत की बुडालात."

पीस दातांत धरून हौसा पाण्यात उतरली. पायऱ्या उतराव्यात तशी ती आपल्या गावात उतरली. माशांचे थवे ओसरीवरून ये-जा करत होते. चुलीतून निघालेला धूर जागच्या जागी उभा होता. गुरवाच्या घरची म्हातारी, तांबटाचे जुळे मुलगे, काल लग्न झाल्यासारखी मुंडावळ्या बांधलेली नवरी, सगळे हात वर करून उभे. हौसा एकेकाच्या पायाशी वाकून पुढे गेली.

बकुळ अंगणात होती. हात दुखत असेल म्हणून तिने डाव्या हाताने उजव्याला आधार दिला होता. हौसा खाली बसली, लेकीच्या पावलांजवळची माती बोटांनी उकरून तिने पदरात बांधली. उठताना दोघींचे डोळे समोरासमोर आले.

"आई, आलं का छत्र?"

हौसाने पीस दातांत घट्ट आवळलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी दरीच्या पाण्यात मिसळलं. ती वळली आणि चालू लागली. मागे पाहिलं असतं तर तिचं तोंड उघडलं असतं.

माती घेऊन ती शिखरपुरात आली. भर दुपारी तिथे दिवे लावलेले होते. तिने पहिल्या दारात सावली मागितली. घरमालक म्हणाला, "छत्र राजाने उघडलं. आम्ही नुसते खाली होतो. आमचा काय दोष?" आणि दार लागलं. दुसऱ्या दारात बाई म्हणाली, "आमचीही कौलं उडाली होती हो, आम्हाला कोणी विचारलं?" तेही दार लागलं. कौलं खरंच उडाली होती, त्यात खोटं नव्हतं. पण हौसाच्या पदरातली माती तापून चटके देऊ लागली.

तिसरं घर केशव रंगाऱ्याचं. दोरीवर ओली लुगडी लोंबत होती, वर्षानुवर्षं ओलीच. त्याने हौसाचं बोलणं ऐकून घेतलं.

"त्या दिवशी माझ्या तळव्यावर सावली पडली," तो म्हणाला. "मी वर पाहिलं. बारावी काडी दुमडलेली मला दिसली होती. म्हटलं, राजाच्या लक्षात असेल. मग घरात जाऊन जेवलो."

त्याने कात्री आणली. अंगणात पसरलेली सावली कडेने नीट कापली, लुगड्यासारखी घडी केली आणि हौसाच्या ओटीत घातली. कापल्या जागेतून उन्हाचा एक चौकोन अंगणात उतरला. गल्लीतली माणसं जमली. एक एक जण पुढे येऊन उन्हात हात धरी आणि आपलीच बोटं उलटसुलट करून पाही. ज्यांनी दारं लावली होती तीही आली.

तिथून हौसा राजवाड्यात गेली. दारावरचा भालदार ओरडला, "जोहार कर! हात वर!"

हौसाने हात वर केला नाही. आतून राजाने विचारलं, "बाई, जोहार का करत नाहीस?"

"आमच्या दरीतले हात अजून वरच आहेत, महाराज. माझा एक खाली राहू द्या."

राजा उदयवर्मा म्हातारा झाला होता. "खोलदरीचं आम्हाला दुःख झालं होतं," तो म्हणाला. "आम्ही हत्ती पाठवला होता."

"हत्ती आला होता. पाणी पाहून गेला."

हौसा चौकात गेली, राजा मागोमाग आला. तिने दांड्याच्या मुळाशी माती टाकली, आणि ज्या दगडापुढे हत्ती हरले होते तो लोण्यासारखा मऊ झाला. तिने सावलीची घडी दांड्याला गुंडाळली, आणि आभाळभर ताणलेलं कापड सैल पडलं. "आता हे आपण उचला," ती म्हणाली, "आणि माझ्याबरोबर चला."

प्रधानाने पालखी मागवली. राजाने पालखीत पाय ठेवताच छत्र डोंगराएवढं जड झालं. पाय काढला, हलकं झालं. राजा समजला. त्याने पायांतले चढाव काढून ठेवले, छत्र खांद्यावर घेतलं आणि तो चालू लागला. राजधानीवरची सावली त्याच्यामागे सरकत गेली. शिखरपुरावर ऊन पडलं आणि गच्चीगच्चीवर माणसं रडू लागली.

नदी आली, रान आलं, परगण्यामागून परगणा गेला. "अजून किती लांब?" राजाने विचारलं.

"आम्हीही हेच विचारत होतो," हौसा म्हणाली.

खिंडीत पोचल्यावर राजाने खाली पाहिलं. पाण्यातून शेकडो हात त्याच्याकडे उंचावलेले होते. त्याने छत्र उभं केलं आणि बारावी काडी दोन्ही हातांनी रेटली. ती हलली नाही.

"राजधानीत माणसं जास्त होती," राजा म्हणाला. काडी हलली नाही.

"दरीचा निरोप उशिरा आला," तो म्हणाला. काडी आणखी खाली झुकली.

राजाने हौसाकडे पाहिलं. ती त्याला मदत करणार नव्हती. मग तो पाण्यातल्या माणसांकडे तोंड करून बोलला, अगदी हळू.

"मला दरी दिसत होती. एका झटक्याचं काम होतं. पण माझा हात दुखायला लागला होता. वाटलं, एवढी एक राहिली तर इतक्या लांबून कोण विचारायला येणार आहे?"

टणकन आवाज झाला. बारावी काडी ताठ उभी राहिली.

कापड दरीवरून सळसळत गेलं आणि पार समुद्रापर्यंत पोचलं. मग दरीचं पाणी उठलं. थेंब थेंब होऊन ते वर चढू लागलं, पाऊस उलटा पडावा तसं. मासे थेंबांबरोबर वर गेले, छत्राच्या काठावरून घसरले आणि दूर समुद्रात पडले. घरांची छपरं उघडी झाली. थांबलेला धूर पुन्हा हलू लागला. तळव्यातळव्यावर सावली पडली आणि एक एक हात खाली आला.

हौसा धावत उतार उतरली.

"आई, आलं का छत्र?" बकुळने विचारलं.

"आलं."

बकुळने आईकडे निरखून पाहिलं. "मग तुझे केस पांढरे कशाने झाले?"

"छत्राला उशीर झाला, बाळ," हौसा म्हणाली, आणि तिने लेकीचा दुखरा हात आपल्या हातांत घेऊन चोळला.

राजा मागोमाग उतरला होता. त्याने हे ऐकलं आणि तो तिथेच अंगणात खाली बसला. छत्र आपसूक मिटून त्याच्या मुठीएवढं झालं. तो म्हणाला, "दवंडीप्रमाणे अर्धं राज्य तुझं."

"अर्धं नको, महाराज. अर्ध्याने काय होतं ते आम्ही पाहिलं. छत्र इथे ठेवा."

"राजाचं छत्र, आणि दरीत?"

"ढग दिसले की राजाने इथे यावं आणि इथूनच ते उघडावं. वाटेत सगळं राज्य लागतं."

राजाने छत्र तिच्या ओसरीवरच्या खुंटीला टांगलं. जाताना त्याने विचारलं, "आता तरी तुझा राग गेला ना?"

"नाही," हौसा म्हणाली. "तो छत्राशेजारी राहील."

पुढे उदयवर्मा गेला, त्याचा मुलगा गादीवर आला, मग नातू. ढग दिसले की प्रत्येकाने चढाव काढून खोलदरीकडे धावत सुटायचं, अशी रीत पडली, आणि छत्र पुन्हा कधी अडलं नाही. शंख आता दरीतून वाजतो. तो ऐकला की अकरा परगणे अंगणात येऊन हात वर करतात. खोलदरीतली माणसं मात्र आधी पोरं कडेवर घेतात, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतात आणि माळावर चढतात. तिथे पोचल्यावर वर पाहतात आणि बाराही काड्या मोजतात. मगच हात वर करतात.