बोटांचे मार्क

"तीसपैकी अकरा? माझ्या पोरांना हात न्हाईत का गं?"

"हात आहेत, अव्वा. हाताला वळण नाही."

"परत म्हण."

मंजिरी कागद सारखे करत बसली.

तासभर हेच चाललं होतं. मार्कंडेय मंदिराच्या मागची पत्र्याची खोली, वर टळटळीत ऊन, पोरं खिचडी खाऊन घरी गेलेली, आणि सतरंजीवर समोरासमोर दोघीजणी. एक डॉक्टर मंजिरी. औषधाची नव्हे, अभ्यासाची डॉक्टर. एका मोठ्या संस्थेसाठी गावोगावच्या बालवाड्या तपासत, पोरांच्या हातांची चपळाई मोजून मार्क देत हिंडणारी. दुसरी नरसव्वा. वस्ती तिला अव्वा म्हणते. निम्मं आयुष्य तिनं बिड्या वळल्या. बिड्यांच्या कट्ट्यावरच्या, म्हणजे जुडीवरच्या, लेबलांची अक्षरं जुळवत जुळवत स्वतःच वाचायला शिकली. मग एके दिवशी मांडीवर घेऊन बिड्या वळायचं सूप भिंतीला टांगलं आणि बालवाडी काढली. सूप अजून तिथंच आहे. ती ते कुणाला काढू देत नाही, स्वतःही काढत नाही.

मंजिरी तिची शिष्या. पंधरा वर्षांपूर्वी समाजकार्य शिकत होती तेव्हा सहा महिने याच सतरंजीवर बसून पोरांची नाकं पुसायला शिकली. पुढे प्रबंध लिहिला, त्याच्या पहिल्या पानावर छापलं, 'माझ्या गुरू नरसव्वा यांस'. अव्वानं ते पान वाचलं होतं. बाकीची पानंही चाळली होती आणि विचारलं होतं, "पहिल्या पानानंतर मी कुठं गेले गं?"

आज तीच शिष्या गुरूची बालवाडी बंद करा असं लिहून आली होती. पुढच्या महिन्यापासून इथली एकतीस पोरं नव्या वसाहतीतल्या केंद्रात जायची. अहवाल तयार होता. खाली संचालिका म्हणून अव्वाची सही तेवढी राहिली होती.

"नव्या वसाहतीला किती दिलेस?"

"एकोणतीस."

"तीसपैकी?"

"तीसपैकी. आणि अव्वा, राग मानू नका, पण ती मुलंही बिडी कामगारांचीच आहेत. तेच घर, तीच गरिबी. मग फरक कशाचा पडला? शिकवण्याचाच ना?"

हे अव्वाला लागेल हे मंजिरीला ठाऊक होतं, आणि लागावं असंही कुठंतरी वाटत होतं. सकाळपासून अव्वानं तिला बस म्हटलं नव्हतं, पाणी दिलं नव्हतं, वर एकतीस पोरांदेखत विचारलं होतं, "ही बाई कोण, ओळखता का रे? ही तुम्हाला तोलायला आली हाय." पोरं खिदळली होती.

"दुसरे कशाचे कापलेस?"

"वेळेचे."

"कसल्या वेळेचे?"

मंजिरीनं कागद वाचला. "'सकाळची पहिली वीस मिनिटे मुलांची बोटे हुंगण्यात जातात.'"

...

"असंच लिहिलंस?"

"जे बघितलं ते लिहिलं."

खरंच होतं ते. रोज सकाळी अव्वा दारात पाट टाकून बसते. आत येणारं प्रत्येक पोर हात पुढं करतं आणि ती त्याची बोटं नाकाशी नेते. तंबाखूचा वास आला की हात धुऊन पोराला आत पाठवायचं, आणि स्वतः उठून त्याच्या आईच्या दारात जाऊन उभं राहायचं. बिडी वळली की तिचं तोंड दुमडून आत दाबावं लागतं. काम हलकं, बोटं बारीक लागतात. बारीक बोटं घरात असतातच. अव्वाला अख्ख्या वस्तीनं या भांडणापायी शिव्या घातल्या आहेत.

"आज पद्माच्या बोटाला वास आला," अव्वा म्हणाली. "तिच्या आईला जाऊन इचारलं. म्हणाली, कामाचा आकडा भरत न्हाई, मी एकटी काय काय करू. मी म्हटलं, काय पण कर, पोरीला सुपाजवळ बसवू नको. दार लावून घेतलं तिनं माझ्या तोंडावर."

"एक मूल, अव्वा. एकतीसमध्ये एक."

"आणि मी दारात बसले न्हाई तर?"

"आता ते दिवस राहिले नाहीत. आम्ही प्रत्येक घरी जाऊन विचारलंय. प्रश्न क्रमांक चौदा. 'मूल घरी बिडीच्या कामात मदत करते का?' नव्या वसाहतीत एकाही आईनं हो म्हटलेलं नाही."

अव्वा हसली. ते हसणं मंजिरीला आवडलं नाही.

"कोण म्हणंल? उद्या तुझ्या घरी कुणी कागद घेऊन आलं आणि इचारलं, बाई, तुम्ही सासूला उपाशी ठेवता का, तर तू काय लिहून देशील?"

"माझी सासू मजेत आहे."

"बघ. हेच लिहून देशील."

मंजिरीचा तोल गेला. "तुम्हाला सगळेच खोटे वाटतात. आया खोट्या, मी खोटी, आमची परीक्षा खोटी. फक्त तुमचं नाक तेवढं खरं. पंधरा वर्षांपूर्वीही हेच होतं. जग पुढं गेलं, अव्वा. आज नुसत्या मायेवर बालवाडी चालत नाही. काहीतरी दाखवावं लागतं."

"मग दाखव."

"काय?"

"तुझी परीक्षा. नव्या वसाहतीच्या पोरांनी काय केलं ते मला करून दाखव. शिकते की मी. म्हातारीला शिकायची लाज न्हाई."

टोमणा होता की खरंच विचारत होती, कळेना. मंजिरीनं पिशवीतून कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला. बोटभर रुंद, वीतभर लांब. एक पट्टी तिनं हातात घेतली.

"अशी घडी घालायची. परत अशी. मग टोक दुमडून आत दाबायचं. दोन मिनिटांत किती होतात ते आम्ही मोजतो. तुमची मुलं कशी, एकेक पट्टी न्याहाळत बसतात. त्या रमेशनं तर होडी केली."

"चांगली झाली होती का होडी?"

"होडीला मार्क नाहीत, अव्वा."

"बरं. आणि त्या पोरांनी?"

"त्यांचं बघण्यासारखं होतं." मंजिरीचा आवाज आपोआप मऊ झाला. पंधरा वर्षांत एवढी चलाख बोटं तिनं पाहिली नव्हती. घरी नवऱ्यालाही तिनं फोन करून सांगितलं होतं. "टोक दुमडलं की अंगठ्याचं नख असं आत... असं एकदाच दाबायचं. पट्टी खाली. लगेच दुसरी. चार-चार वर्षांची मुलं, अव्वा."

"नखानं?"

"हो, नखानं."

"असंच करा म्हणून तू सांगितलंस?"

"नाही. त्यांचं त्यांनीच."

"सगळ्यांनी?"

"बत्तीसच्या बत्तीस जणांनी. म्हणून तर म्हणते, शिकवणारीची शिस्त आहे."

"बघत कुठं होती?"

"कोण?"

"पोरं. पट्टी दुमडताना बघत कुठं होती?"

मंजिरीनं आठवून पाहिलं. "माझ्याकडं. हाताकडं बघतच नव्हती. माझ्याशी बोलत होती, हसत होती, आणि हात आपले चाललेले."

...

अव्वानं मान खाली घालून सतरंजीची सुरकुती सरळ केली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात बिड्यांसाठी तेंदूची पानं भिजवलेली असावीत, तसा ओला वास आला.

मंजिरीला वाटलं, हरली म्हातारी. वाईटही वाटलं. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि अहवाल अव्वापुढं सरकवला.

अव्वानं पेन घेतलं नाही. पट्ट्यांचा गठ्ठा घेतला. मांडी नीट घातली, पदर खोचला, गठ्ठा मांडीवर ठेवला आणि मान वर करून मंजिरीच्या डोळ्यांत बघत राहिली.

तिचे हात चालू झाले.

घडी. घडी. टोक. नख.

पट्टी खाली पडली. दुसरी पडली. तिसरी. अव्वाची नजर मंजिरीवरून हलली नाही. सूप भिंतीला टांगल्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती, पण त्या अंगठ्याच्या नखाला मधोमध पडलेली खाच तशीच होती. नख त्या खाचेतून सरकत होतं, गाडीचं चाक जुन्या चाकोरीत पडावं तसं. बाराव्या का तेराव्या पट्टीला मंजिरीची नजर खाली गेली. अव्वाच्या मांडीपुढं, एकीवर एक, सारख्या, तोंडं मिटलेल्या...

मंजिरीनं स्वतःच्या हातातली पट्टी बघितली. मग भिंतीवरचं सूप.

"अव्वा..." ती म्हणाली.

अव्वाचे हात थांबले नव्हते.

"अव्वा, तो अहवाल... मी जरा..."

अव्वानं शेवटची पट्टी नखानं दाबली, पदर झटकला आणि हात पुढं केला, पेनासाठी.

"सही करते की," ती म्हणाली. "आधी त्या बत्तीस पोरांची बोटं हुंगून ये."