येसबाने दुकान वाढवलं

एका गावात एक भोळा माणूस होता, येसबा नावाचा. मनाने देवमाणूस, डोक्याने तुम्हीच ठरवा. गावच्या सोसायटीच्या दुकानात कॉम्प्युटर आला आणि बटणं दाबायला येसबाला बसवलं. का, तर टायपिंग शिकलेला गावात तो एकटाच.

दुकान गोदाक्का सांभाळायच्या. तालुक्याच्या साहेबांनी त्यांना बजावलं होतं, "कॉम्प्युटर नीट चालला तर दुकान राहील, नाहीतर बंद." दुकान गेलं असतं तर चिमूटभर मिठासाठी घाट उतरावा लागला असता. गोदाक्कांच्या जिवाला घोर लागला होता.

एकदा त्या आतून म्हणाल्या, "येसबा, मीठ वाढलंय रे. तालुक्याला कळव."

येसबाने कळवलं, 'मीठ फार झालंय.' जास्तीचं मीठ न्यायला तालुक्याहून रिकामा टेम्पो आला. गावाने आठवडाभर अळणी आमटी खाल्ली.

गोदाक्कांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, दुकानात संपलं म्हणू नये, अशुभ असतं. वाढलं म्हणजे संपलं."

"असं होय," येसबा म्हणाला. "आता नाही चुकणार."

मग शेवंताकाकू आल्या रेशनकार्ड घेऊन. कौतुकाने म्हणाल्या, "आमची सुली किती वाढली बघ."

येसबाला भरून आलं. त्याने कॉम्प्युटरवर सुलीच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि म्हणाला, "फार वाईट झालं, काकू." सुली तिथेच शेंगा खात उभी होती.

काकूंनी येसबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. गोदाक्कांनी त्याला पुन्हा समोर बसवलं. "वस्तू वाढली म्हणजे संपली. माणूस वाढला म्हणजे मोठा झाला. माणूस संपला तर गेला म्हणतात. शिरलं का डोक्यात?"

"शिरलं."

तेवढ्यात कोणीतरी दारातून विचारलं, "सरपंच आहेत का?"

"आत्ताच गेले," गोदाक्का म्हणाल्या.

येसबाने लगेच तालुक्याला कळवलं. दुपारी साहेब हार घेऊन जीपमधून उतरले, तर समोर सरपंच. सरपंचांना वाटलं, आपला सत्कार आहे. त्यांनी मान पुढे केली. साहेब बिचारे काय बोलणार? घातला हार. मग सरपंच त्यांना कौतुकाने दुकान दाखवायला घेऊन आले.

गोदाक्कांना धडकी भरली. पण दुकानात गिऱ्हाईक मावत नव्हतं. साहेब खूश झाले. "झकास चाललंय, गोदाक्का. आता दुकान वाढवा."

गोदाक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या साखर आणायला आत गेल्या. इकडे येसबाच्याही डोळ्यांत पाणी आलं. दुकान काही माणूस नव्हे, त्याने मनाशी पक्कं केलं, आणि जड हाताने बटणं दाबली.

गोदाक्का साहेबांच्या हातावर साखर ठेवत होत्या, तोच साहेबांचा फोन वाजला. तालुक्याचा कारकून विचारत होता, "साहेब, तुमच्या हुकमाने दुकान कायमचं बंद झाल्याची नोंद आलीय. माल न्यायला टेम्पो निघालाय. कुलूपही पाठवू का?"

साहेब येसबाकडे वळले. येसबा डोळे पुसत त्यांना म्हणाला, "तुम्ही सभ्य माणूस, साहेब. बंद करा असं तोंडावर म्हणाला नाहीत. पण मला आता समजतं सगळं."