गादीशेजारची खोली

इनामदार भुजंगरावांच्या नव्या हवेलीच्या मागण्यांची यादी रोज लांबत होती, आणि धोंडजी गवंडी रोज हात जोडून एकच विचारत होता, "सरकार, जागा बेताची आहे. यातलं आधी महत्त्वाचं कुठलं?"

"माझ्या हवेलीत दुय्यम काही नसतं!" भुजंगराव मिशीला पीळ देत गरजले. "प्रत्येक खोलीला पहिला मान! पुन्हा विचारलंस तर काम दुसऱ्याला देईन."

धोंडजी कामाला लागला. भूमिपूजनाच्या सकाळी त्याने जमिनीवर फक्कीने सगळ्या खोल्या आखून ठेवल्या. सोयरेधायरे जमले. भुजंगराव ऐटीत दर्शनी बाजू दाखवू लागले. "ही आमच्या गादीची बैठक. आणि तिला चिकटून, तेवढीच ऐसपैस... धोंडजी, ही कसली रे खोली?"

"शौचकूप, सरकार."

पाहुण्यांनी उपरणी तोंडाला लावली. भुजंगराव लालबुंद झाले. "गाढवा! माझ्या गादीचा आणि शौचकूपाचा मान सारखा कसा असेल?"

"फरक मलाही वाटत होता, सरकार," धोंडजी नम्रपणे म्हणाला. "महिनाभर विचारलं, तर आपणच म्हणालात, प्रत्येक खोलीला पहिला मान."