बकुळच्या बापाचे प्रकल्प

डोंगरसोंडी म्हणून एक गाव. तिथं सखाहरी नावाचा एक भोळा बाप राहायचा. माणूस कष्टाळू, पण सांगितलेला शब्द तो जसाच्या तसा गिळायचा, चावायचा म्हणून नाही. त्याची लेक बकुळ तिसरीत होती. आणि तिसरीला आल्या होत्या कुलथेबाई.

कुलथेबाईंचा फळ्यापेक्षा मुलांच्या हातांवर भरवसा. सगळं करून बघायचं, असा त्यांचा नेम. पालकसभेत त्या म्हणाल्या, "प्रकल्पात आईवडिलांनीही हातभार लावायचा बरं का."

सखाहरीनं मान डोलावली. तिथून सगळं सुरू झालं.

पहिला प्रकल्प घेवड्याच्या बीचा. बी डब्यात पेरायचं आणि मुळं कशी वाढतात ते बघायचं. बकुळनं पेरलं. सखाहरी रोज सकाळी रोप उपटायचा, मुळं बघायचा, परत खोचायचा. सगळ्यांचे वेल खिडकीला चढले. बकुळच्या डब्यात काडी उरली.

बाई म्हणाल्या, "अहो भाऊ, उपटायचं नसतं! उन्हात ठेवायचं, वरून पाणी घालायचं आणि हात लावायचा नाही."

"चुकलं बाई. पुढच्या खेपेला तसंच करतो."

पुढच्या खेपेला निघालं लोणी. शनिवारच्या शाळेत मुलांनी बरण्या हलवून हलवून लोणी काढलं. ज्याचा त्याचा गोळा घरी नेऊन दाखवायचा आणि सोमवारी वजन करायला परत आणायचा. बकुळ गोळा घेऊन धावत घरी आली. हात दुखत होते, पण तोंड नुसतं फुललं होतं. ती जेवायला बसली आणि सखाहरीनं गोळा भर उन्हात कौलावर ठेवला. वरून तांब्याभर पाणी घातलं. हात मात्र लावला नाही.

लोणी पन्हळीतून खाली आलं. शेजारच्या मांजरानं त्याचं वजन केलं.

बकुळ रडली नाही. नुसती कौलाकडं बघत बसली. ते सखाहरीला फार लागलं. सोमवारी तो स्वतःच शाळेत गेला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, उन्हाचं जपायचं तर गार पाण्यात बुडवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि अलगद आणायचं."

"आता नाही चुकणार बाई."

मग बाईंनी जुनी गाणी गोळा करायला घेतली. बकुळची आजी, म्हणजे सखाहरीची सासू सगुणाबाई, जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणायची. ती दुपारच्या एसटीनं यायची होती. बाईंनी निरोप धाडला, "आजींना उन्हाचं जपून आणा."

सखाहरी स्टँडवर तयारच होता. सासू उतरली. त्यानं तिला हापशाखाली बसवलं.

"अरे मेल्या, हे काय?"

"जपतोय मामी."

चार बादल्या ओतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि खांद्यावर घालून अलगद वर्गात आणून ठेवली. सगुणाबाईच्या तोंडून ओवी निघेना. नुसतं हुहुहुहु निघालं. मुलांनी तेवढंच पाठ केलं.

बाई कळवळल्या. "भाऊ, शाळेत जो येतो तो पाहुणा! त्याला मान द्यायचा. हार घालायचा, शाल पांघरायची, खुर्चीवर बसवायचं आणि म्हणायचं, दोन शब्द बोला."

"एवढंच ना? हे सोपं आहे," सखाहरी म्हणाला.

शेवटी वर्गाचं प्रदर्शन आलं. बघायला तालुक्याहून मोठे साहेब येणार होते. 'आमचे पाळीव प्राणी' असा विषय होता. बकुळनं आपली शेळी द्यायची ठरवली. शेळी उपटता येत नाही, वितळत नाही. तिनं बापाला बजावलं, "बाबा, तिला नुसतं शाळेत आणा. बाकी काही करू नका."

"करतोय कशाला?" सखाहरी म्हणाला. पण शेळी शाळेत आली म्हणजे पाहुणीच झाली की.

बाई आणि मुलं फाटकापाशी साहेबांचं स्वागत करून त्यांना घेऊन वर्गात आली. साहेबांच्या गादीच्या खुर्चीत शेळी. गळ्यात साहेबांचा हार, निम्मा खाल्लेला. पाठीवर साहेबांची शाल. समोर सखाहरी हात जोडून उभा.

बकुळनं डोळे मिटून घेतले. मग एक किलकिला केला. या खेपेला प्रकल्प निदान धडधाकट होता.

"भाऊ, हे काय?" बाई धावतच पुढं झाल्या.

"सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणं केलं बाई. दोन शब्दांसाठी मघापासून विनवतोय, पण तोंडात घास आहे."

तेवढ्यात शेळीनं झेंडू गिळला, साहेबांकडं बघितलं आणि म्हणाली, "बेंऽऽऽ!"

सखाहरीनं जोरात टाळ्या वाजवल्या. मग साहेबांकडं वळून अदबीनं म्हणाला,

"एक शब्द झाला साहेब. एकच राहिलाय. तेवढा होईस्तोवर जरा उभं राहा."