भूमिरत्नाची माती

येसू माळ्याने राज्य सोडून चालतं व्हावं, असा हुकूम सुटला. राणीसाहेबांच्या गच्चीवरच्या कुंड्यांतली रोपं पिवळी पडली होती. कुंड्यांत भरलेली खतमाती उधोशेट व्यापाऱ्याची, पण तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती? दरबारच्या पंडितांनी ती नुसती हुंगून उत्तम ठरवली होती आणि महाराजांनी उधोशेटला ‘भूमिरत्न’ किताबही देऊन टाकला होता. किताब काही चुकत नसतो. मग चुकला तो माळी.

येसूची लेक हौसा तडक दरबारात गेली आणि म्हणाली, त्या मातीत कसच नाही.

महाराज रणधवल हट्टाला पेटले. “सिद्ध कर. पण शेटजींच्या मातीला, रोपाला, झारीला बोट लावायचं नाही. जमलं नाही तर बापाबरोबर तूही चालू लाग.”

उधोशेटने लगेच एका कुंडीत आपली माती भरून पालक पेरला. झारी मात्र तो घरूनच भरून आणी. पाण्याला केवड्याचा घमघमाट. राजाच्या रोपाला साधं पाणी कसं घालायचं, असं तो सांगे, आणि पंडित त्याच्या राजनिष्ठेने गहिवरत.

हौसाने एवढंच मागितलं, की शेजारी तिचीही एक पालकाची कुंडी असावी आणि तिलाही शेटजींनीच त्याच झारीने तेवढंच पाणी घालावं. तिच्या कुंडीवर वाळक्या पानांचा थर होता. खाली बापाचं मुरलेलं शेणखत असणार, असं उधोशेट धरून चालला. बरोबरी झाली तरी आपण जिंकलोच, या हिशेबाने त्याने होकार दिला.

पालक वीतभर झाला तेव्हा महाराज गच्चीवर आले. दोन्ही कुंड्या सारख्याच हिरव्यागार.

“काय गं, कुठं गेला तुझा दावा?”

“आधी शेटजींनी सांगावं, महाराज. दोन्हींचा कस सारखाच ना?”

“गुंजभरही फरक नाही, पोरी,” उधोशेट उदार झाला. “तुझ्या बापाच्या खताला मी कशाला नावं ठेवू?”

हौसाने आपली कुंडी उपडी केली. आत होती नदीची धुतलेली वाळू.

“निकाल शेटजींनीच दिला. त्यांच्या मातीत वाळूइतका कस आहे.”

महाराज चक्रावले. “मग वाळूत पालक पोसला कुणी?”

“झारीने. बाबा साधं पाणी घालत होते, म्हणून त्यांची रोपं उपाशी राहिली. केवड्याच्या आड कसला वास आहे, ते पंडितांनाच हुंगू द्या. त्यांचं नाक त्यात तयार आहे.”

पंडितांनी झारीत नाक घातलं आणि घाईघाईने उपरणं तोंडाला लावलं. गोमूत्र!

महाराज पोट धरून हसले. येसूवरचा हुकूम रद्द झाला आणि राजबागेच्या खतमातीचा सगळा कारभार हौसाच्या हाती आला. उधोशेटची नेमणूक, किताबासकट, राजगोठ्यावर झाली.