नियमाची शिळा आणि पखालीचा रेडा

फार फार पूर्वी एका डोंगरावर एक गाव होतं. पाणी मात्र पायथ्याच्या नदीला. कातड्याची भरलेली पखाल पाठीवर घेऊन एकच रेडा ते वर आणायचा. पखालवाल्याच्या लेकीने त्याला पारडू असल्यापासून वाढवलं होतं.

एकदा राजाने दवंडी पिटवली, "दमलेल्या जनावरावर ओझं लादू नये. प्रत्येक गावाने तसा आपला नियम करावा."

गावातली वडीलधारी मंडळी पारावर बसली. दमलेलं म्हणजे नेमकं किती दमलेलं, यावर उन्हाळा गेला. नियमाखाली कोणाचं नाव आधी, यावर पावसाळा गेला. रेडा पाणी वाहतच होता. शेवटी ठरलं, की नियम शिळेवर कोरायचा आणि शिळा शेजारच्या गावाच्या शिळेपेक्षा मोठी हवी.

नदीकाठी शिळा कोरून झाली. ती वर आणायला गाड्याला कोणाला जुंपलं? त्याच रेड्याला.

अर्ध्या चढावर त्याने गुडघे टेकले. तोंडाला फेस आला.

"सोडा त्याला. दमलाय तो," लेक म्हणाली.

"पोरी, शिळा उभी राहिली की नियम लागू होतो," म्हातारे पाटील शांतपणे म्हणाले. "आज नियम नाही."

"शिळेवर काय लिहिलंय ते तरी वाचा."

"आम्हीच लिहिलंय. आम्हाला काय शिकवतेस?"

रेड्याने मान वळवली. "मला वाचता येत नाही," तो म्हणाला. "वजन तेवढं कळतं."

मंडळींनी चाबूक उगारला. लेक दोर सोडवायला धावली. गाठ सुटली, पण तोवर रेडा गेला होता.

शिळा तिथेच, अर्ध्या चढावर राहिली. दुसऱ्या दिवसापासून ज्याचं पाणी त्यानेच आणायचं झालं. पाटील खांद्यावर घागर घेऊन कसेबसे शिळेपर्यंत पोचले आणि तिला टेकून मटकन बसले.

"पोरी, जरा हात लाव गं," ते धापा टाकत म्हणाले. "दमलो."

"दमलात म्हणजे नेमके किती?" लेकीने विचारलं. आपली घागर सावरत ती पुढे चढू लागली. "पारावर सभा बोलवा, आजोबा. ठरलं की सांगा."

ज्याला खरंच दया येते, तो आधी ओझं उतरवतो आणि मग नियम कोरायला बसतो.